स्टॉपवॉचमावशी

लिफ्ट आली की स्टॉपवॉचमावशी लगेच आत शिरत नसत. एकदा दार मिटू देत, आवाज ऐकत, मग पुन्हा बटण दाबत. सेरंगूनच्या आमच्या ब्लॉकमधली मुलं ओरडायची, "आंटी, ओके लाह!"

"ओके कशावरून? तू बघितलंस?"

ताजी म्हणून दिलेली भेंडी त्या दुकानदारासमोर मोडून बघत. तरुणपणीचं सांगताना म्हणत, "मी मोटारींच्या शर्यतीत फेऱ्यांची वेळ घ्यायचे." मला वाटे, थापच असणार. मग एकदा त्यांनी फोटो दाखवला: दोन वेण्या, मांडीवर पाटी, गळ्यात दोन स्टॉपवॉच.

तेव्हा इथल्या शर्यती साध्या रस्त्यांवर व्हायच्या. मावशींची टीम छोटीशी, चालक त्यांना धाकटी बहीण मानणारा. त्या वर्षी तो लागोपाठ तीन शर्यती जिंकला. चौथीत एका फेरीला दोन सेकंद जास्त लागले. मावशींनी धावत जाऊन टीमच्या मालकाला सांगितलं.

"मालक हसला. म्हणाला, तुझं घड्याळ अडकलं असेल, सगळं ठीक आहे. आणि मी घड्याळावर शंका घेतली गं, त्याच्या बोलण्यावर नाही."

पुढच्या फेरीत सगळ्या गाड्या गेल्या. आमच्या चालकाची आलीच नाही. ब्रेक गेले होते. तो जागीच गेला.

एकदा त्यांना घेऊन आम्ही सीमेपलीकडे जोहोरला निघालो होतो. सीमेअलीकडच्या वुडलँड्सला त्या म्हणाल्या, "गाडी थांबवा. आवाज बदललाय." गॅरेजमध्ये तासभर तपासणी झाली. काहीच निघालं नाही. माझा नवरा धुमसत होता. मावशी शांत. "काही नाही, हे आता कळलं ना? चला."

गेल्या वर्षी त्या हॉस्पिटलात होत्या. पुण्याहून आलेल्या भाच्याने आमच्याकडून शब्द घेतला होता, आजाराबद्दल त्यांना काही सांगायचं नाही. रोज तो म्हणे, "रिपोर्ट छान आहेत, मावशी." त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहत. एका दुपारी त्यांनी त्याला कॉफी आणायला खाली पाठवलं.

"तू सांग. किती दिवस?"

भाच्याला दिलेला शब्द आठवला. तरी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, दोन-तीन आठवडे."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पुण्याला ताईला फोन लाव. तिला मीच सांगते."

पलीकडून थकलेला आवाज आला, "कशी आहेस गं?"

"बरी नाहीये, ताई," मावशी म्हणाल्या. "थोडा वेळ बोल माझ्याशी."

मी बाहेर आले आणि दार हलकेच ओढून घेतलं.