दोराला लागलेला हात

गुलामचाचा म्हातारपणी जुगाराला लागला, अशी आवई मालवणच्या मासळी बाजारात उठली होती. शाहीदच्या रिकाम्या दुकानात संध्याकाळी म्हातारे जमतात आणि टीव्हीसमोर हात फेकून ओरडतात, एवढं लोकांनी पाहिलं होतं. खरं म्हणजे पुतण्या शाहीदने आखातातून व्हिडिओ गेम आणला होता. रिमोट धरून हात फेकला, की पडद्यावरचा चेंडू गडगडत जाऊन बाटल्या पाडायचा. जुगार कसला नि काय! मीही रोज तिथे असायचो आणि चाचाच्या ओरडण्याची नक्कल करून म्हाताऱ्यांना हसवायचो.

चाचाला घोर होता तो हरिश्चंद्रचा. किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं जाळं दोघांनी जन्मभर एकत्र ओढलेलं. बायको नर्मदा गेली, पाठोपाठ उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून हरिश्चंद्रने उंबरठा ओलांडला नव्हता. चाचाने त्याला रिक्षात घालून आणलं, तर तो भिंतीकडे बघत बसला.

"खेळ मरे, हऱ्या."

"माका नको. हात चलना नाय, दिसना नाय तुका?"

चाचाने रिमोट त्याच्या लुळ्या मुठीत ठेवला, वरून आपली मूठ आवळली आणि चेंडू सोडला. बाटल्या कोसळल्या.

"अर्धे गुण तुझे."

"खेळलंस तू. माका कित्याक?"

"जेना रापणीच्या दोराक हात लावल्यान, तेका मासळीचो वाटो गावता. इसारलंस?"

हरिश्चंद्रने डोळे पुसले ते डाव्या हाताने. उजवा रिमोटवरून काढला नाही.

तो परत यायचा नाही, अशी मी चाचाशी पैज मारली. हरलो तर महिनाभर चाचाची नक्कल बंद. दुसऱ्या दिवशी शटर उघडण्याआधीच हरिश्चंद्र पायरीवर बसला होता. चाचाने माझ्याकडे पाहून नुसतं ओठांवर बोट ठेवलं.