बिनदाराची मावशी

आमची मावशी दाराला कधी कडी लावायची नाही, दुसऱ्या कुणालाही लावू द्यायची नाही. तिचं सासर शनिशिंगणापूरचं. तिथल्या घरांना चौकटी असतात, दारं नसतात. चोरी करणाऱ्याकडे देव बघून घेतो. परकऱ्या वयात लग्न होऊन ती तिकडे गेली आणि माहेरची कडीकुलपं पार विसरली. आम्ही भावंडं तिला बिनदाराची मावशी म्हणायचो, तीही हसायची.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी काकांच्या पोटात गाठ निघाली म्हणून ती त्यांना घेऊन नगरला आली. मी तेव्हा तिथे नुकतीच मास्तरीण झाले होते. काका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर आणि मावशी माझ्या एका खोलीत. मी कडी लावली की ही उठून काढणार. एकदा मी शाळेत असताना शेजाऱ्यांची शेळी आत शिरून कोथिंबिरीची अख्खी जुडी फस्त करून गेली. मी संतापले, तर म्हणते कशी, "तिला बी भूक लागती. आन् चोर आला तर न्हील काय? तुझी ती मोडकी छत्री?"

त्या दवाखान्यात लिफ्ट होती. नगरात तेव्हा लिफ्ट म्हणजे केवढी नवलाई! घरात कुणी आजारी नसलं तरी पोरंसोरं चक्कर मारायला यायची. पहिल्या दिवशी मावशी देवळात शिरावं तशी चपला बाहेर काढून आत आली. योसेफ लिफ्टवाल्यानं जाळीचं दार ओढलं मात्र, हिनं अशी किंकाळी फोडली म्हणता! "उघड मेल्या! मी काय चोरी केली म्हून कोंडतूस?" शेजारच्या गृहस्थांच्या हातचा डबा सुटला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आमटी सांडली. मी शरमेनं अर्धी झाले. तेव्हापासून मावशी दुखरे गुडघे घेऊन, कठडा धरत, वळणावळणाला टेकत जिन्यानंच चढायची.

वर काका तापात एकच धोशा लावून असायचे. "दार कुनी लावलं गं? मला घरी ने. कोंडून मरायचं न्हाई मला."

मावशीचा जीव कात्रीत सापडला होता. "बरा व्हनार आसंल तर त्याच्या पाया पडून हितंच ठिवते," ती मला म्हणायची, "आन् न्हाई व्हनार तर आत्ता न्हेते. पन कुनी सांगंल तर ना!" कुणी सांगत नव्हतं. मोठे डॉक्टर वाऱ्यासारखे यायचे, "बघू, आजी, बघू," म्हणायचे आणि लिफ्टमध्ये शिरायचे. मावशी जिना उतरून खाली येईपर्यंत त्यांची मोटार निघून गेलेली. रोजचंच झालं हे. ती फाटकाशी उभी राहून नुसती धुरळा बघायची. तिची ती दशा बघून मला त्या माणसाचा असा राग यायचा!

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले, तेव्हा काकांनी अन्न सोडलं होतं. डॉक्टर "बघू" म्हणून निघाले. मावशी त्यांच्या मागोमाग, आणि मला कळायच्या आत चपलांसकट लिफ्टमध्ये. मीही धावत शिरले. आत एक बाळंतीण तान्हं घेऊन घरी निघाली होती, बरोबर सासू, सासूच्या हातात पेढे. योसेफ मावशीकडे बघतच राहिला.

"बगतूस काय? लाव दार!" म्हणून तिनंच ते ओढलं.

लिफ्ट हलली. मावशीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. घामानं ती भिजली होती.

"डाक्टर, आता तुमी कुटं पळनार न्हाई आन् मी बी न्हाई. खरं सांगा. माजा मानूस वाचंल का?"

"बघू, आजी."

"लई दीस झालं बगताय!"

सासूबाईंनी पेढ्यांचा पुडा हळूच पदराखाली घेतला. लिफ्ट खाली टेकली. "उघड," डॉक्टर म्हणाले. योसेफनं दाराला हात लावला, पण उघडलं नाही. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही वाचणार, आजी. आणलं तेव्हाच फार उशीर झाला होता. घरी न्या त्यांना. उद्याच न्या."

"मंग ह्ये आदी का न्हाई सांगितलं हो? त्यो रोज घरी ने, घरी ने म्हनत हुता की!" असं म्हणून ती तिथेच मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. तान्हंही रडायला लागलं. डॉक्टर जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं मावशीनंच डोळे पुसले. "उघड रं लेकरा," ती योसेफला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांना स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. मावशी लिफ्टमध्ये त्यांच्या उशाशी उभी होती. दार ओढल्याचा आवाज झाला तसे ते कळवळले. "जरा दम धरा," ती त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "ह्ये शेवटचं."

भाड्याच्या जीपनं शिंगणापूर गाठलं, तोवर त्यांना दिसेनासं झालं होतं. आम्ही त्यांना चौकटीसमोर बाजेवर ठेवलं. ते हातानं हवेत चाचपायला लागले.

"दार हाय का गं?"

"न्हाई."

"मंग पोचलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. सगळा गाव आत आला, कुणाला कडी वाजवावी लागली नाही.