तारकर्लीचं निरभ्र आकाश

माझ्याच घरावर पाऊस पडतोय, ही बातमी मला कसालहून कळली.

मी हौशी रेडिओवाला. दर रविवारी सकाळी जिल्ह्यातले आम्ही सात-आठ जण वायरलेसवर जमतो आणि आपापल्या गावचं हवामान सांगतो. वादळात फोन बंद पडले तर मदतीचे संदेश आम्हीच पोचवायचे, त्याचा हा सराव. तारकर्लीहून ही बैठक चालवायचा मान माझा. (मान मीच घेतला होता.) शिस्त कडक! नंबर आल्याशिवाय बोलायचं नाही, घरगुती विषय काढायचे नाहीत. माझ्या कानाला हेडफोन, खोलीला आतून कडी.

मेअखेरचा रविवार. घरापुढच्या खळ्यात माझ्या बायकोची, सुमनची, सोलां वाळत होती. रातांब्याची सालं आठवडाभर रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. वर्षभराच्या सोलकढीची बेगमी होती ती! मी खिडकीचा पडदाही न सारता जाहीर केलं, "तारकर्ली, आकाश निरभ्र. पावसाची शक्यता नाही. आंबोली, बोला."

आंबोलीऐवजी सुमन बोलली! तिला परवाना काढायला मीच भाग पाडलं होतं. छोटा सेट हातात घेऊन ती खळ्यातून ओरडत होती.

"अवो, दार उघडा! सोलां..."

"घरगुती विषय नकोत. तुमचा नंबर सहावा. ओव्हर."

"पावस इलो! मी एकटी किती उचलू?"

"कृपया प्रमाण मराठीत बोला. ओव्हर!"

तेवढ्यात कसालचे बस्त्याव मास्तर खाकरले. "सर, तुमच्या पत्र्यार काय वाजता?"

"वातावरणातला खरखराट आहे, मास्तर."

"खरखराट खंयचो! पावस तो! माका हय कसालात ऐकाक येता!"

मी हेडफोन काढला. पत्रा ताशासारखा कडकडत होता! कडी काढून धावलो, तर सुमन पदराखाली सूप धरून एकटीच धावपळ करत होती. मला खरंच लाज वाटली. इतकी वर्षं ज्या मदतीच्या हाकेची तयारी केली, ती पहिली हाक माझ्याच खळ्यातून आली आणि मी तिला सहावा नंबर दिला!

दोघांनी मिळून जमेल तेवढी सोलां पडवीत ओढली. सेटवर आंबोली विचारत होती, "तारकर्ली, काय झाला?"

सुमनने सेट तोंडाशी धरला. "तारकर्ली. पावस जोरात. सोलां निम्मी वाचली. आमचे सर पुरे भिजले. तेंका उद्यापासून उन्हात घालतलंय. ओव्हर!"

त्या दिवशीचा तारकर्लीचा तेवढाच अहवाल खरा होता. मी तो गुपचूप वहीत उतरवून घेतला.