अर्ध्या कांद्याचा उजेड

कानिफनाथला अर्धा कांदा टाकवत नाही. त्याची सारी फजिती या एका सवयीतून झाली.

गडी पारनेरकडचा, वय बावन्न, नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा कंत्राटी मदतनीस. कांद्याचा आतला पापुद्रा न फाटता सोलावा तर त्यानेच. संशोधन करणाऱ्या राजेश्वरी मॅडम त्या पापुद्र्यावर एक रंग सोडायच्या. पेशीत मीठ शिरलं, की निळ्या प्रकाशाखाली ती हिरवी चमकायची. मीठ आत जातं ते पेशीच्या आवरणातल्या इवल्या वाटांनी. त्या वाटा सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. उजेड वाढला की वाट उघडी, एवढंच कळतं.

दोन कांद्यांना सारखंच मीठ द्यायचं आणि बघायचं, असं महिनाभर चाललं होतं. नेवाशाच्या खारवट रानातला कांदा अंधारा राही, कानिफनाथच्या घरचा लखलखे. खारवट रानातला कांदा मिठाची वाट अडवायला शिकला, असं मॅडमनी ठरवलं. तसा अहवाल जायचा होता; त्यावर प्रकल्पाची मुदतवाढ आणि मुदतवाढीवर कानिफनाथची नोकरी. तरी त्याला काळजी कसली? आपला कांदा चमकतो म्हणून स्वारी छाती काढून फिरायची.

अहवाल पाठवायच्या दिवशी दुपारी त्याने नेहमीप्रमाणे बुक्कीने कांदा फोडला. अर्धा भाकरीबरोबर खाल्ला, अर्धा प्रयोगासाठी डब्यातच ठेच्याशेजारी राखला. रोजचीच रीत. त्या दिवशी मात्र भूक राहिली, म्हणून त्याने राखलेल्या अर्ध्याचाही चावा घेतला. कांदा आतपर्यंत खारट लागला.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? त्याने डब्याला झाकण लावलंही. मग आत गेला.

“मॅडम, ते धाडू नका. आमच्या कांद्यात मीठ आधीच हुतं. माझ्या ठेच्यातलं.”

मॅडम रागाने लालबुंद झाल्या. मग म्हणाल्या, “अख्खा कांदा आणा.”

नेवाशाचा अंधारा. अख्ख्यातून सोललेला पारनेरचाही तितकाच अंधारा. मुदतवाढ मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी सामान आवरताना त्याने विचारलं, “म्हंजी आमचा कांदा बी मीठ आत घेत न्हाई?”

“नाही घेत.”

“मंग तेवढं तरी लिवा.”

“लिहिलंय. सोलणाऱ्याच्या नावासकट.”

त्याला फार बरं वाटलं. टेबलावर अर्धा कांदा उरला होता. कानिफनाथने तो उचलला, कचऱ्याच्या डब्यापाशी नेला आणि नुसता उभा राहिला. मग तो पिशवीत टाकून त्याने पारनेरची एसटी धरली.