टिकलीची कळ

जुने कीबोर्ड शोधायचे असतील तर शुद्ध लिहून चालत नाही, हे मी पहिल्या वर्षातच शिकले. 'कीबोर्ड' असं नीट लिहिणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हे ठाऊक असतं, आणि मग तो भाव खातो. खरा माल सापडतो तो 'किबोड', 'टायपिंग मशीन', 'कॉम्पूटर पुराना', 'टीवी बटनवाला' अशा नावांखाली. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर मी रोज डबा खाताना हे सगळे शब्द एकामागून एक टाकून बघायचे. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पलंगाच्या बॉक्समध्ये, असे सतरा कीबोर्ड आणि दोन टर्मिनलं आहेत. टर्मिनल म्हणजे स्वतःचं डोकं नसलेला पडदा, लांबच्या कुठल्यातरी मोठ्या मशीनच्या जिवावर चालणारा. आई म्हणायची, "लोकांच्या पोरी साड्या जमवतात, आमची भंगार जमवते." मी तिच्यावर खेकसायचे. माझा आवाज मुळात मोठा, त्यात दिवसभर महाप्यातल्या ऑफिसात हेडसेट लावून परदेशातल्या लोकांची तोंडं सांभाळायची. घरी आल्यावर मी कुणाचीच सांभाळत नसे.

यंदा श्रावणात आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. किती समजतंय, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही. डोळ्यांत आधीपासूनच मोतीबिंदू. मी पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून तिच्यासमोर धरली, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांत माझी रजा संपली. दिवसा सांभाळणाऱ्या मावशी मिळाल्या, पण माझी शिफ्ट आणि त्यांची वेळ काही जुळेना. पनवेलच्या पुढे एक केअर सेंटर आहे, तिथे मी नाव घातलं. नवरात्रात त्यांचा फोन आला की एक बेड रिकामा झालाय, दसऱ्याला संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या पेशंटला देतो.

आमच्या घरात फोनला रेंज मिळते ती फक्त आईच्या खोलीतल्या खिडकीपाशी. त्यामुळे ही सगळी बोलणी मी तिच्या उशाशी उभी राहून केली. रेंज तुटली की मी आणखी मोठ्याने बोलायचे. "नाही हो, तिला काही कळत नाही, तुम्ही खर्चाचं सांगा." हे वाक्य मी म्हटलं होतं, तेही एकदाच नव्हे.

त्या दिवसांत आईचा डावा हात चादरीवर हलायला लागला. आधी तर्जनी टेकायची, मग करंगळी. थोडं थांबून पुन्हा तेच. उजवा हात शेजारी तसाच पडलेला. मावशी म्हणाल्या, चाळा लागलाय. मलाही तेच वाटलं. पण ललितापंचमीच्या दुपारी मी फोन ठेवून वळले, तेव्हा तर्जनी टेकण्याआधी चादरीवर एक लहानसा गोल फिरवताना दिसली. काहीतरी चाचपत होती. मी ते बोट बघत तिच्या शेजारी बसले.

आईने बावीस वर्षं तुर्भ्याच्या एका छापखान्यात टाइपसेटिंग केलं. सहा बायका, सहा टर्मिनलं. त्या मशीनची मराठी अक्षरांची मांडणी त्या मशीनपुरतीच होती, पुढे दुसरीकडे कुठे ती आलीच नाही. त्या बायका त्याला 'की' म्हणत नसत, 'कळ' म्हणत. खाली न बघता बोटं जागेवर यावीत म्हणून डाव्या तर्जनीच्या कळीवर कपाळाची टिकली चिकटवायची, असा त्यांचा रिवाज. काम सुरू करताना बोट गोल फिरवून टिकली चाचपायची आणि मग सुटायचं. लहानपणी मी ऑफिसात तिच्या मांडीवर बसून ती टिकली खरवडून काढायचे आणि फटका खायचे. म्हणजे हा चाळा नव्हता. आई टाइप करत होती, आणि उजवा हात साथ देत नसल्यामुळे निम्म्याच कळा उठत होत्या. पण तर्जनी आणि करंगळीखाली त्या मशीनवर कोणती अक्षरं होती, हे मला आठवेना. माझ्याकडे सतरा कीबोर्ड, आणि तो एक नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

छापखाना कधीच बंद पडला होता. आईबरोबरच्या दोघींचे नंबर मिळाले. एक म्हणाली, "अगं, बोटांना ठाऊक होतं गं, मला कुठे ठाऊक होतं!" मी हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं, जुनी माहितीपत्रकं धुंडाळली, कामावर असताना चोरून शोधलं. माझ्याकडे दसऱ्यापर्यंतचेच दिवस होते. आई आत जागी आहे की नाही हे कळल्याशिवाय तिला पनवेलला पाठवायचं, म्हणजे कुणालातरी न विचारता पोत्यात घालण्यासारखं वाटत होतं. आणि बेड सोडला तर नोकरी जाणार, हेही दिसत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी 'टाइपराटर बटन मराठी' असं टाकल्यावर एक फोटो आला. ठिकाण तुर्भे. फोटो हललेला, प्लास्टिक पिवळं पडलेलं, एका कळीवर लाल ठिपका. मी लगेच नंबर लावला. फोन एका बाईने उचलला.

"हाय, हाय अजून. पन बंगलोरचा एक जन बी मागतो. आज गाडी पाठवतो बोलला."

बंगलोरचा तो कोण, हे मी लगेच ओळखलं. आमच्याच ग्रुपवरचा. जुने कीबोर्ड घेतो, कळा उपटतो आणि एकेक कळ किल्लीच्या साखळीत घालून विकतो. मी म्हटलं, निघाले.

खंडेनवमीला तुर्भ्यात रिक्षा चालवणं म्हणजे दिव्यच. ट्रक धुऊन झेंडूच्या माळा घालून रस्त्यातच उभे केलेले, चाकांखाली लिंबं, गॅरेजवाले पेढे वाटतायत. मी रिक्षावाल्याला इतकी घाई केली की तो शेवटी म्हणाला, "मॅडम, उतरून ढकलता का?"

भंगाराचा गाळा त्या बाईच्या सासरचा होता. मूळची गावातलीच माणसं, शेती गेल्यावर धंद्यात आलेली. तिच्या डोक्यात अबोलीचा गजरा होता. दारातच इंग्रजी कीबोर्डांचा ढीग उताणा पडला होता. आत पाटावर लाल कापड, त्यावर तराजू, पक्कड, करवत, लोखंड कापायचा कटर, आणि मधोमध माझा कीबोर्ड. हळदकुंकू वाहिलेला, वर झेंडूचं फूल. लाल ठिपका मात्र दिसत नव्हता.

"पूजेला ठेवायचा म्हनून साबनाने घासला," ती कौतुकाने म्हणाली.

"हा इथे कशाला ठेवलात? बाकीचे तर बाहेर फेकलेत!"

"त्ये इंग्लिशचे. ह्याच्यावर आपली अक्षरां हायेत ना? पाय लागंल कुनाचा. सरस्वती हाय ती."

मी पैसे काढले. तिने मान हलवली. "आज नाय. पूजेतला हत्यार आज जागचा हलत नाय. उद्या सकाली या, सोना घ्या नि ह्यो बी घ्या."

उद्या! मी चढलेच. माझी आई आजारी आहे, तुम्हाला कळतं का, एका कीबोर्डाने काय देव बाटतो का, असं बरंच काही ताडताड बोलून गेले. गाळ्याच्या पत्र्याला आवाज घुमत होता. तिने शांतपणे निरांजनाची वात सारखी केली.

"हलू बोला ना, ताई. देव बसलाय."

मला शरमल्यासारखं झालं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, बंगलोरचाच होता. पलीकडून तो वाढवून पैसे देतो म्हणत होता, ते मलाही ऐकू येत होतं. ती त्यालाही तेच म्हणाली, "उद्या. आज देवाचा हाय. जो पैला येल त्याचा."

हात लावायचा नव्हता, बघायला मनाई नव्हती. मी पाटासमोर गुडघे टेकले. डाव्या अर्ध्या भागातल्या एका कळीवर डिंकाचा गोल डाग राहिला होता, टिकलीएवढा. मी डावा हात त्याच्यावर अधांतरी धरला. आईची तर्जनी चाचपून झाल्यावर जरा वर सरकून टेकायची, तशी माझी सरकवली. तिथे दीर्घ उकार होता. ू. करंगळीखाली ओकार होता. ो. डाव्या बाजूला सगळ्या नुसत्या काना-मात्रा-वेलांट्या, आणि अक्षरं सगळी उजवीकडे. इतके दिवस आई मला नुसत्या मात्रा पाठवत होती, आणि अक्षरं तिच्या मेलेल्या हातात अडकून पडली होती.

परत येताना रिक्षात मी ते दोन स्वर तोंडातल्या तोंडात घोळवत होते. ऊ, ओ. मग एकदम सुचलं. 'दूर नको.' बरोबर बसत होतं. दोन मिनिटांनी दुसरं सुचलं. 'दूर सोड.' तेही तितकंच बरोबर बसत होतं. माझ्या आईला मी ओळखते. 'माझ्यापायी नोकरी घालवू नकोस, मला दूर सोड' असं म्हणणारी ती आहे. आणि 'मला दूर नको' असं आयुष्यात एकदाही न म्हणता मनात ठेवणारीही तीच.

संध्याकाळी मी तिच्या कानाशी वाकले आणि स्पष्ट ऐकू जावं म्हणून ओरडून विचारलं, "आई! दूर सोड म्हणतेस का?"

तर्जनी, करंगळी.

"की दूर नको म्हणतेस?"

तर्जनी, करंगळी. जरा जोरातच.

मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. दोन्हीला हो म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं?

दसऱ्याला मावशींना लवकर बोलावून मी गाळ्यावर पोचले तेव्हा कुलूप होतं. बंद शटरसमोर मी उभी, आणि पलीकडे कुरिअरचा एक माणूस बाइकवर बसून पत्ता विचारत होता. त्याला कुठला गाळा हवाय हे मला कळलं होतं. मी त्याला काही सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटत नाही. बाई आली, तिने शटर उघडलं, देवाला हात जोडून फूल उतरवलं, कीबोर्ड कापडात गुंडाळला आणि वर आपट्याचं पान ठेवून माझ्या हातात दिला. तिच्या हातातला फोन वाजत होता. तिने तो वाजू दिला. "तुमी पैल्या आल्या," एवढंच म्हणाली.

घरी मी आईला उशा लावून बसवलं आणि मांडीवर जेवणाचा ट्रे ठेवून त्यावर कीबोर्ड ठेवला. वायर कशालाच जोडलेली नव्हती, त्याची गरजही नव्हती. तिचा डावा हात मी उचलून कळांवर ठेवला. बोटं थबकली. मग तर्जनी गोल फिरायला लागली. एका कळीवर, शेजारच्या कळीवर, परत मागे. सापडेना. ज्याच्यावर तिची बावीस वर्षं उभी होती ते साबणाने धुतलं गेलं होतं. तिचा श्वास जोरात चालायला लागला आणि हात मागे सरकू लागला. मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि डिंकाच्या त्या डागावर दाबून बसवली.

बोट फिरत आलं आणि टिकलीवर थांबलं. आईच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला.

मग तो डावा हात टिकली सोडून हळूहळू उजवीकडे निघाला. अनोळखी गल्लीत शिरल्यासारखा, भिंतीला धरून. मी 'द'ची वाट बघत होते. 'द'वरून तो पुढे गेला. बोट 'ह'वर टेकलं. मला वाटलं, चुकली. मग 'ळ'. मग परत डावीकडे येऊन, सवयीने, झटकन, दीर्घ उकार. पुन्हा उजवीकडे 'ब'. करंगळीने ओकार. शेवटी 'ल'.

हळू बोल.

मी लहान असल्यापासून तिने मला हजार वेळा सांगितलेलं वाक्य. दूर जाण्याबद्दलही ती बोलत नव्हती आणि जवळ राहण्याबद्दलही नाही, निदान त्या दोन शब्दांत नाही. तिच्या उशाशी उभी राहून दोन महिने मी गाढवासारखी ओरडत होते, आणि तिचे कान शाबूत होते. 'तिला काही कळत नाही हो' हेसुद्धा तिने ऐकलं होतं, खर्चाच्या आकड्यांसकट.

मी मोठ्याने रडायला लागले. आईची तर्जनी लगेच टेकली, मग करंगळी.

पाच वाजता केअर सेंटरचा फोन आला. मी खिडकीपाशी गेले नाही. पलंगाच्या कडेवर बसून तो उचलला. रेंज तुटत होती. पलीकडची बाई "हॅलो, हॅलो" करत होती. मी "दोन मिनिटं" म्हणून फोन मांडीवर ठेवला, आईकडे वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला इतक्या हळू विचारलं, "आई, पनवेलला जायचंय का?"

तिचा हात ट्रेवरच्या कळांवर आला. मग तिने टिकली चाचपली आणि लिहायला सुरुवात केली.