वेटिंग रूममध्ये आलेला कॉल

माझी आधी एक तक्रार आहे. या सदरात जो तो "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं म्हणून सुरुवात करतो, आणि आता माझी पाळी आली तर मलाही तेच म्हणावं लागतंय. पण खरंच नव्हता हो! मी इंजिन ड्रायव्हर. कोळसा टाकला, पाणी तापलं, वाफ धरली की गाडी चालते — यात भुताचा संबंध येतो कुठं? आमच्या वेळी एका वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते असं सगळे सांगायचे. मी तिथून शेकडो वेळा गेलो. एकदा दिसली ती म्हैस, आणि तीही काळी.

तर ही गोष्ट दौंडची, साठ सालाच्या आसपासची. मी तेव्हा लोको शेडमध्ये फायरमन होतो. दारूबंदी होती, म्हणजे कागदावर होती. स्टेशनाच्या मागं, रूळ ओलांडून भीमेकडे जाणाऱ्या वाटेवर हिरामावशीचं पत्र्याचं हॉटेल होतं. पुढं चहा आणि कांदाभजी. मागं तरटाचा पडदा, आणि पडद्याआड... बाकीचं. आम्ही त्या मागच्या खोलीला 'वेटिंग रूम' म्हणायचो. बायकोनं "कुठं होता?" विचारलं तर निदान धडधडीत खोटं बोलायला नको.

आता त्या जागेचं कौतुक करू की नको, हा प्रश्नच आहे. करतोच. बसायला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, वर तापलेला पत्रा, आणि तरीही बारा-बारा तास भट्टीपुढं फावडं मारून आलेल्या माणसाला तिथं टेकलं की गार वाटायचं. मावशी तरटावर पाणी मारून ठेवायची. सुकटीची चटणी अशी करायची, की तशी पुढं मला कुठंच मिळाली नाही (घरात हे वाक्य मोठ्यानं वाचू नये). ड्रायव्हर, खलाशी, झाडूवाला, मिशनचा, मारुतीच्या आळीतला — सगळे एकाच स्लीपरवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. बाहेर ज्यांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नसतं, ते आत एकाच ताटलीतली चटणी चाटायचे. तिथं कुणी कुणावर ओरडायचं नाही. रेल्वेत राहून असं ठिकाण मिळणं म्हणजे काय, ते रेल्वेवाल्यालाच कळेल.

आणि वाईट म्हणाल तर तेही भरपूर. सगळे पेले एकाच बादलीत बुचकळायचे, त्या बादलीचा रंग मी सांगत नाही. सदऱ्याला येणारा वास तीन धुण्यांत जायचा नाही. माझी बायको सरू नाकाला पदर लावून ताट वाढायची आणि एक शब्द बोलायची नाही, ते तर फारच वाईट. पोलिसांची धाड पडली तर नोकरीवर पाणी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पेल्यात काय आहे, हे मावशीलाही नेहमी ठाऊक नसायचं. एरवी गुळाची हातभट्टी एका ओळखीच्या माणसाकडून यायची. तो पकडला गेला की मिळेल त्याचा डबा.

किसन माझा जोडीदार. तोही फायरमन. कासुर्डीचा, घरचं मेंढरांचं. लहानपणी माळावर मेंढरं राखून त्याची नजर अशी तयार झाली होती, की मला सिग्नलचा खांब दिसायच्या आत हा "हात पडलाय, चला" म्हणायचा. आम्ही दोघंही ड्रायव्हर व्हायच्या बेतात होतो. फक्त डोळ्यांची तपासणी बाकी होती, तीही पुढच्याच आठवड्यात. "तुझं बघ बाबा," किसन मला चिडवायचा, "माझं तर डाक्टर बी तपासाया भिईल."

आता याकोबमामा. ते शेडचे कॉलमन. पुढची गाडी कुणाला न्यायची आहे, हे घरोघर जाऊन सांगायचं आणि वहीत सही घ्यायची, हे त्यांचं काम. शिरूरच्या मिशनमध्ये वाढलेला भाविक माणूस, थेंबाला न शिवणारा. बारा महिने काळा कोट आणि हातात छत्री. घरी माणूस सापडला नाही की वेटिंग रूमकडे यायचे, पण तरटाच्या आत कधी डोकावले नाहीत. म्हणायचे, "म्या बगितलं न्हाई, तर साहेबाला सांगायला बी नको." पडद्याबाहेर उभं राहून छत्रीचं टोक फरशीवर तीनदा आपटायचं, आणि पडद्याच्या फटीतून वही आत सरकवायची. वहीला दोरीनं बांधलेली जांभळी कॉपिंग पेन्सिल. ती जिभेवर ओली केल्याशिवाय उमटायची नाही. ज्याला जायचं नसेल त्यानं तोंडावर बोट ठेवायचं. बाकीच्यांनी सांगायचं, "न्हाई मामा, इथं न्हाई." मामा निमूट परत जायचे. दुसऱ्यांदा कधी विचारायचे नाहीत, इतका आमचा अलिखित करार होता.

त्या वेळी मी आणि किसन तीन महिने सोलापूरच्या शेडला बदली कामावर होतो. ज्या सकाळी दौंडला परतलो, त्याच दुपारी तीनच्या सुमाराला वेटिंग रूममध्ये बसलो. आत आम्ही दोघंच. मावशीनं दोन पेले ठेवले आणि पुढं भजी तळायला गेली. किसननं बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले, त्याच्या घरची रीत. मी पेला उचलला...

टक. टक. टक.

"रघू, कॉल हाय. सही कर." याकोबमामांचाच आवाज. फटीतून वही आत आली. तीच काळी बाही, अंगठ्याचं तेच फुटकं नख. मी मनातल्या मनात रेल्वेला चार शिव्या घातल्या — सकाळी आलो नि लगेच कॉल? — आणि पेला खाली ठेवून पेन्सिल जिभेला लावली. पानावर दोन नावं होती. वर माझं. खाली किसनचं.

मी किसनकडे बघितलं. त्यानं तोंडावर बोट ठेवलं. दोन रात्रींची झोप राहिली होती बिचाऱ्याची.

"आत आनखी कोन हाय?" मामांनी विचारलं.

"कुणी न्हाई मामा. मी एकटाच."

वही मागं गेली नाही. तशीच फटीत राहिली.

"नीट बघ रघू. कोन न्हाई?"

"न्हाई मामा."

मग वही हळूच मागं गेली. किसन तोंड दाबून हसत होता. मी उठलो तसा त्यानं माझाही पेला स्वतःपुढं ओढला. "जा तू. तुझं बी मीच बघतो," म्हणाला.

बाहेर आलो तर मामा दिसले नाहीत. मावशी कढईपाशी पाठमोरी. मी तसाच शेडवर गेलो. टाइमकीपरनं यादी बघितली, पुन्हा बघितली. "तुझं नाव न्हाई. कॉल कुणी दिला?"

"याकोबमामांनी."

त्यानं चष्मा काढला. "मामा दोन महिने झाले, सायकलवरनं पडले. खुबा मोडलाय. शिरूरला बहिणीकडं प्लास्टरात पडून हायेत. किती घेतलीस?"

मी घेतलीच नव्हती. त्याला खात्री पटेना, म्हणून म्हणाला, "तोंड उघड बघू." मी उघडलं. वास नव्हता. पण तो माझ्या जिभेकडे बघतच राहिला. जीभ जांभळी होती.

आम्ही वही काढून बघितली. नव्या कॉलमनकडे नवी वही होती, आणि जुनी कपाटात कुलपात. दोन्हीत त्या तारखेची माझी सही नाही. मला तेव्हा वेटिंग रूमला परत जायला हवं होतं, निदान किसनला हे सांगायला तरी. पण अंगावर असा काटा आला होता की पाय सरळ घराकडे वळले. सरूनं जीभ बघून विचारलं, "शाळंत नाव घातलं का काय?" मी हसलोसुद्धा.

सकाळी कळलं. मावशीचा नेहमीचा माणूस पकडला गेला होता, आणि नव्या माणसाच्या डब्यात पॉलिशचं स्पिरिट होतं. संध्याकाळी आलेले तिघं-चौघं ओकून-बिकून वाचले. किसननं दोन पेले घेतले होते. जीव राहिला. डोळे गेले. उजेड आणि सावली, एवढंच त्याला कळायचं.

मावशीनं सगळे पेले भीमेत फेकले आणि ऊर बडवून रडली. मी तिला त्या दुपारचं विचारलं. ती म्हणाली, "म्या हितंच बसल्याली. माझ्यावरनं गेल्याबिगर पडद्यापतूर कोन जाईल? कुनी आलं न्हाई बाबा."

पुढच्या रविवारी मी शिरूरला गेलो. चर्चमागच्या गल्लीत मामांच्या बहिणीचं, मार्थाबाईंचं घर. मामा खाटेवर, पायाला विटा बांधून तो ताणून ठेवलेला. त्यांना काही आठवत नव्हतं. पण मार्थाबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "त्या दुपारी दादा माझ्यामागं लागले, छत्री दे, वही दे, दोन कॉल द्यायचेत. म्या म्हणलं, पाय बगा आपला. मग गप पडले. तासाभरानं डोळं उघडलं आन् म्हणले, एकाची सही घेतली, दुसरा भेटला न्हाई. आन् रडाया लागले वो. मला कायबी कळंना."

निघताना मामांनी विचारलं, "आन् तुझा जोडीदार बरा हाय नव्हं?"

"बरा हाय मामा," मी म्हणालो. एका आठवड्यात त्यांच्याशी तिसऱ्यांदा खोटं बोललो.

मी तपासणी पास झालो, ड्रायव्हर झालो. मावशीनं तरट कायमचं काढून टाकलं आणि नुसता चहा ठेवला. किसनला तिनं स्वतःजवळ आलं कुटायला बसवलं. आणि तुम्हाला सांगतो, ती जागा पहिल्यापेक्षा बरी झाली. तेच स्लीपर, तीच माणसं, चटणीही तीच. फक्त सरू आता स्वतःहून विचारायची, "आज वेटिंग रूमला न्हाई का जायचं?" किसन बत्ता चालवता चालवता आवाजावरून कुठलं इंजिन आहे, कोण चालवतंय, ते सांगायचा. पोरं पैज लावायला यायची. मी तिथून गाडी नेताना दोन छोट्या शिट्ट्या द्यायचो, तो बत्ता उंच करायचा.

मामा त्या दुपारी शिरूरला होते, हे किसनला कळलं होतं, पण वहीत त्याचंही नाव होतं, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सात-आठ वर्षं. मामा वारले तरी नाही. काय सांगणार? तुलाही बोलावणं होतं, मीच "कुणी न्हाई" म्हणालो — एकदा नाही, दोनदा?

मग एका दुपारी चहा पिताना सांगून टाकलं. पानावरची दोन नावं, मार्थाबाईंचं बोलणं, सगळं. खाली मान घालून. तो हाणेल असंच मला वाटत होतं, आणि मी ते खाल्लंही असतं.

बत्ता थांबला.

"म्हंजी... माझं बी नाव व्हतं?"

"व्हय."

"वहीत? लिवलेलं?"

"माझ्या खाली. मी बघितलं."

त्यानं बत्ता खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा मात्र हसरा. "येड्या, हे आदी सांगायचं व्हतंस! इतकी वर्सं मला वाटायचं, तुला तेवढं बोलावलं आन् मला... माझं नावच नव्हतं म्हनून. आरं, तोंडावर बोट तर मीच ठेवलं व्हतं." मग म्हणाला, "तुज्याकडं ती पेन्सिल हाय का?"

माझ्या खिशात होती, इंजिनाच्या दुरुस्तीची चिठ्ठी लिहायला आम्ही ठेवायचोच. मावशीनं भज्याचा कागद पुढं केला. किसननं पेन्सिल जिभेला लावली, चाचपत कागदाची कड धरली आणि मोठी, वाकडी सही केली. "उशीर झाला, पर दिली," म्हणाला, आणि जांभळी जीभ काढून मावशीला दाखवली. मावशी हसता हसता रडली.

त्या दुपारी पडद्याबाहेर कोण उभं होतं, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत कुणी पटेल असं सांगितलेलं नाही, आणि मी आता विचारायचं सोडलंय. किसनही गेला, मागच्या थंडीत, झोपेत, पोटभर जेवून. तेलाचे डाग पडलेला तो कागद मी जपून ठेवलाय. त्यावर त्याच्या सहीच्या वर एका नावापुरती जागा मोकळी आहे. ती माझी म्हणून त्यानं सोडली होती.