मुलीला आत्या नाही

"सिलाईवाली आहे. रोज येते."

माझ्या वहिनीने माझी ही ओळख करून दिली. माझ्याच घरात, माझ्याच खोलीत, मी माझ्या मशीनवर बसलेली असताना.

समोर मुलाची आई उभी होती. माझ्या भाचीला, स्वातीला, पाहायला ही मंडळी उकव्याहून आली होती. बाईंना हात धुवायचे होते. मोरी समजून त्यांनी माझ्या खोलीचं दार ढकललं आणि आत मी. वहिनी मागून धावत आली, पण तोवर उशीर झाला होता. बाईंची नजर माझ्या चेहऱ्यावर आलीच नाही. थेट खाली गेली. डाव्या पायाला पट्ट्यांनी बांधलेल्या लोखंडी सळ्यांवर. लोक आधी तेच पाहतात आणि मग चेहरा करतात, देवळात शिरल्यासारखा.

"हे कोन जी?" बाईंनी विचारलं. तेव्हा वहिनीने ते उत्तर दिलं.

बाईंना ते लगेच पटलं. बरंच झालं म्हणाल्या. त्यांच्या साडीचा फॉल निघाला होता. "जरा दोन टाके मारून देता का? बसमध्ये अडकला नं."

साडी अंगावरच. मी सुई ओवली. मला खाली बसायचं म्हणजे गुडघ्यापाशीची कडी सोडायची, पाय लांब पसरायचा, मग हातावर भार देत घसरायचं. मी बसले. त्यांच्या पायाशी. त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि मी फॉल शिवला. वहिनी दारात. तिच्या तोंडावर काय होतं सांगू? लाज नव्हती. सुटकेचा श्वास होता.

"भगवान तुमचं भलं करो," बाई म्हणाल्या.

"चहा घेऊन मंगच जाजा तुम्ही," वहिनी मला म्हणाली. तुम्ही! आजवर या बाईने मला तू म्हटलं. आणि जाऊ कुठे? माझी खाट त्या मशीनच्या मागेच होती.

मी गप्प बसले. का, तर स्वातीचं जुळत होतं. घरात सगळ्यांनी मला ते आधीच नीट समजावून ठेवलं होतं. बालाघाटात आमच्यासारखी मराठी घरं तशी मोजकी, गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मुलीच्या घरात अपंग बाई आहे म्हटलं की लोक रक्तात शोधायला लागतात. मला लहानपणी पोलिओ झाला होता. पोलिओ आत्याकडून भाचीला लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आमचा दादा बी.एस्सी. आहे. त्याला कळत नव्हतं.

दादा माझा मोठा भाऊ. आईबाबा गेल्यावर घरात दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली स्वाती आणि नेहा, आणि मागच्या खोलीत मी. पण 'मागची खोली' आईबाबा असतानाही होतीच. स्वातीच्या बारशाला मीच पिवळी कुंची शिवली. झबलं मी शिवलं, दुपट्याला किनार मी लावली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी तिची एकुलती एक सख्खी आत्या. मी नवीन साडी नेसून पाळण्यापाशी गेले तर वहिनीची आई म्हणाली, "हिले नको. पोरीचा पहिला शुभ दिवस आहे." लाम्त्याहून आमची एक चुलत बहीण बोलावून ठेवलेलीच होती. तिने नाव सांगितलं, तिच्या पाठीत सगळ्यांनी हसत हसत धपाटे घातले. माझी आई मला म्हणाली, "तू जाय, शिरा हलव, खाली लागून राह्यला." मी शिरा हलवला. चांगला झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

तर असं आहे. माझे हात यांना सगळीकडे चालायचे. पापड लाटायला, गौरीला सजवायला, नवरीचं ब्लाउज रात्रीतून अल्टर करायला. हात हवेत, त्यांच्या मागे असलेली बाई नको. ती झाकायची. आता सरकारने 'दिव्यांग' असा गोड शब्द दिला आहे. दादा तो फार आवडीने वापरतो. चारचौघांत "आमची बहीण दिव्यांग आहे, पन खूप हुनर आहे तिच्यात" असं म्हणतो. फक्त ते चारचौघे मुलीला पाहायला आलेले नसले पाहिजेत.

उकव्याचं जमलं. मुलगा खदानीच्या ऑफिसात. दादा त्यांचं घर पाहून आला. छोटं कुटुंब म्हणाला, आईबाप आणि एकच मुलगा, ना नणंद, ना दीर. वहिनीने देवापुढे नारळ फोडला. नणंद नाही याचा या घरात केवढा आनंद! मी तिथेच बसून ऐकत होते. मी वहिनीची नणंद.

मग रुखवत आलं माझ्याकडे. आमच्यात लग्नात मुलीच्या हातचं काम मांडून ठेवतात, मुलाकडच्या बायका येऊन पाहतात. स्वातीने सुई धरली ती फक्त सेल्फीसाठी. मी महिनोन्‌महिने बसले. सुपारीचे नवरा-नवरी केले, सुपारीचाच भटजी, त्याला धोतर. मण्यांचं तुळशीवृंदावन. लोकरीचं तोरण. नवरीची सुपारी मी तीनदा केली, नाक मनासारखं येईना. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं ते काम. मशीनवर दुसऱ्यांच्या बाह्या जोडणं वेगळं, आणि हे वेगळं. वहिनीने त्यावर लावायला पाटी छापून आणली: 'वधूच्या हस्तकलेचे नमुने'. तिने ती मलाच चिकटवायला दिली.

लग्नाच्या वेळी मी लाम्त्याला त्या चुलत बहिणीकडे जाऊन राहावं असं ठरत होतं. मी नाही म्हटलं. भांडले नाही, नुसतं नाही म्हटलं. मग तोडगा निघाला. लग्न ज्या भवनात होतं, त्याच्या मागे सामानाची खोली आहे, तिथे पंखा आहे. "तुले उभं राहनं होत नाही नं बाई, म्हनून म्हनतो," दादा म्हणाला. "आराम करजो. ताट तिथंच येईल." किती काळजी! गर्दीची, उन्हाची, माझ्या पायाची, सगळ्याची काळजी. माझी सोडून.

स्वाती तिथेच बसून मेंदीचे फोटो पाहत होती. ती काही बोलेल असं मला वाटलं. जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, ती. ती रोज तासन्‌तास त्या मुलाशी फोनवर बोलायची. मला तेव्हा विचारावंसं वाटलं, तू त्याला सांगितलंस का गं, मला एक आत्या आहे म्हणून? विचारलं नाही. तिने मान वर केली नाही, त्यातच आलं सगळं. ते मला फॉल शिवण्यापेक्षा जास्त लागलं.

लग्नाच्या दिवशी मी त्या खोलीत. गाद्यांचा ढीग, भगोणी, कोल्ड्रिंकचे क्रेट आणि जरीची साडी नेसलेली मी. बाहेर बँड. मध्येच वहिनी धापा टाकत आली, हातात सुपारीचा नवरा. त्याचा फेटा सुटला होता. "लवकर चिकटवून दे, त्यांच्या बाया पाहून राह्यल्या." मी फेटा चिकटवला. ती नवऱ्याला घेऊन पळाली. जाताना दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं. मुलाकडच्या एका बाईने एका मुलीला आत आणलं. "इथं बस. बाहेर गर्मी किती आहे," म्हणाली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. मुलगी तिशीच्या आतली. भारी शालू, केसांत गजरा. उजवा हात पदराखाली. ती गादीवर बसली तेव्हा पदर सरकला. हात वाळलेला, बोटं आत वळलेली.

"तुम्ही कोनाकडच्या?" तिने विचारलं.

"मुलीची आत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पन मुलीले आत्या नाही म्हनून सांगतलं होतं."

"तू कोन?"

"मी वैशाली. नवऱ्याची बहीन."

मी म्हटलं, "पन मुलाले बहीन नाही म्हनून सांगतलं होतं."

आधी ती हसली की मी, आठवत नाही. पण आम्ही हसलो. पोट दुखेपर्यंत. दोन्ही घरं काय हुशार! आमचे लोक उकव्याला घर पाहायला गेले तेव्हा वैशालीला बैहरला मावशीकडे धाडलं होतं. त्यांचे लोक आमच्याकडे आले तेव्हा मी सिलाईवाली झाले. दोघांनी एकमेकांना फसवलं, दोघांनी मनात देवाचे आभार मानले, आणि दोघांनाही लपवायला जागा सापडली ती एकच. भवनात दुसरी खोलीच नव्हती. एकमेकांना विचारायची सोय त्यांना नव्हती. आपलं काय लपवतो ते सांगणार कसं?

हसता हसता वैशाली थांबली. बाहेर मंगलाष्टकांची तयारी चालली होती. "करवली मी व्हायची होती," ती म्हणाली. "भावाच्या मांगं करा-दिवा घेऊन मी उभी राह्यची होती. सख्खी बहीन आहो मी. आई म्हनते, उजव्या हातानं धरता येत नाही अन् डावा चालत नाही. मामाच्या पोरीले उभं केलं." ती रडत नव्हती. गजऱ्यातली एकेक कळी तोडून खाली टाकत होती.

माझ्या अंगात काहीतरी पेटलं. आजवर माझ्यासाठी कधी पेटलं नव्हतं, ते त्या पोरीसाठी पेटलं. मी काठी घेतली. "ऊठ," मी म्हटलं. "चाल."

"लग्न मोडलं तं?"

"एवढ्यानं मोडत असंल तं मोडू दे."

भवनाच्या हिरवळीवर मांडव होता, ती ओलांडायला मला वेळ लागला. खुर्च्यांच्या मधून, लोकांच्या समोरून. सळ्या वाजत होत्या. बोलणी थांबत गेली. आधी आम्ही रुखवतापाशी पोचलो. तिथे वैशालीची आई वहिनीला सांगत होती, "मुलीचा हात लई साफ आहे जी." मग तिने मला पाहिलं. "हे तं ते सिलाईवाली!"

"हौ," मी म्हटलं. "सिलाई करते. अन् स्वातीची सख्खी आत्या आहो. हे समदं मी केलं. तुमच्या साडीचा फॉल पन मीच शिवला, तुमच्या पायाशी बसून."

वहिनीचा रंग उडाला. "बाई, आज नको," ती म्हणाली. "आज तरी नको." मुलाच्या आईने रागाने तोंड उघडलं, आणि माझ्या मागे तिला स्वतःची मुलगी दिसली. तोंड तसंच मिटलं. दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन्हीकडचं पितळ एकाच वेळी उघडं पडलं होतं. कोण कोणाला काय म्हणणार? असा चोरटा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि एकदम दोन पाहायला मिळाले.

मी ती पाटी काढली. फाडली नाही, उलटी करून ठेवली. वैशाली तशीच पुढे चालत गेली, मांडवात शिरली, मामाच्या पोरीच्या हातातून करा घेतला. डाव्या हाताने.

"डाव्या हातानं?" कोणी म्हातारी ओरडली.

"हौ," वैशाली म्हणाली. "मले हाच आहे."

भटजीने घड्याळ पाहिलं आणि अष्टकं सुरू केली. मुहूर्त टळत होता. भटजीला मुहूर्ताचीच भीती असते, बाकी कशाची नाही. मी पहिल्या रांगेत उभी राहून अक्षता टाकल्या. लग्न मोडलं नाही. पण कोणी आमच्या बाजूने एक शब्द बोललं, असंही झालं नाही. मुलाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं नाही. स्वाती पाया पडायला आली ती सगळ्यांत शेवटी, कॅमेरा होता म्हणून. मी आशीर्वाद दिला. मनापासून दिला असं म्हणणार नाही.

घरी आल्यावर दादा गरजला. "समद्यांसमोर नाक कापलं आमचं. माफी माग वहिनीची." मी माफी मागितली नाही. ज्यांना माणूस लपवायची लाज वाटत नाही आणि माणूस दिसल्याची वाटते, त्यांच्या नाकाची मी काळजी का करू? मला त्यांचा राग येतो असं लोकांना वाटतं. राग नाही. राग आपल्या बरोबरीच्यांचा येतो. मला त्यांची किळस येते. मी त्याच चुलीवरचं खाते, त्याच छपराखाली झोपते, आणि तिथेच बसून हे सांगते आहे.

वैशालीचा फोन येतो कधी कधी. तिकडे तिच्याशी कोणी नीट बोलत नाही. ती म्हणते, "नाही बोलत तं नाही बोलत, पन आता बैहरले धाडत नाहीत."

आता नेहासाठी स्थळं येऊन राहिली आहेत. गेल्या रविवारी पाहुणे येणार होते. शनिवारी दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, घसा खाकरला, "बाई, उद्या जरा..." एवढंच म्हणाला. मी मशीन थांबवलं नाही.

"दार मी उघडीन," मी म्हटलं.

रविवारी मी सकाळीच पुढच्या खोलीत, दाराच्या समोर खुर्ची टाकून बसले. सळ्या साडीवरून दिसतील अशा. वहिनी आतून दोनदा डोकावली. गाडी थांबली. घंटी वाजली. दादा लगबगीने पुढे आला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला.

घंटी पुन्हा वाजली. मी गुडघ्यापाशीची कडी लावली, काठी घेतली, उठायला लागले. मला उठायला वेळ लागतो. लागू दे. बाहेर उभे राहतील.